थाओच्या गावी जाण्याआधी

सम्यकनं फोनवर लग्नाचं सांगितलं, मुलगी व्हिएतनामची आहे हेही त्याच दमात सांगून टाकलं, आणि बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या दोन खोल्यांत त्याचे आईवडील फोनच्या आणखी जवळ सरकले. मग भगवान म्हणाले, "त्यांच्या देशाबद्दल मराठीत काही वाचायला मिळेल का रे?"

मायानं कपाळाला हात लावला. "अहो, पोरीचं नाव तरी विचारा आधी!"

नाव थाओ. सम्यकच्याच कंपनीत होती. त्यानं उल्हासनगरात जीन्सच्या धुलाईचं काम शिकून डिप्लोमा केला होता आणि तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या कारखान्यात वॉशिंगचा टेक्निशियन म्हणून तिकडे गेला होता. थाओ तिथं हिशेब बघायची. गाव मेकाँग नदीच्या मुखाजवळ, घरची नारळाची बाग, घरात आईवडील आणि आजोबा. लग्न त्यांच्या गावी, चैत्र-वैशाखाच्या सुमारास. मग डिसेंबरात बदलापूरला बौद्ध पद्धतीनं पुन्हा एकदा.

"आणि पप्पा, ते पण बौद्धच आहेत," सम्यक म्हणाला.

हे ऐकून भगवानांच्या छातीवरचं ओझं उतरलं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ स्वतःशीच हसत होते. आपला मुलगा परक्या मुलखात गेला आणि तिथंही आपलीच माणसं निघाली, असं त्यांना वाटलं.

भगवान अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. कुठं जायचं तर आधी त्या जागेबद्दल वाचायचं, ही त्यांची जुनी खोड. अजिंठ्याला सहल ठरली तेव्हा त्यांनी महिनाभर आधीपासून वाचलं आणि तिथं गेल्यावर गाईडला इतक्यांदा थांबवलं, की त्यानं शेवटी यांच्याच हातात बॅटरी दिली. माया ते अजून चारचौघांत सांगते. आता तर व्याह्यांच्या घरी जायचं होतं. रिकाम्या डोक्यानं कसं जाणार?

पहिलं पुस्तक मायानंच आणलं. ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला जायची. त्या गल्लीच्या तोंडाशी भूपेश नावाच्या सिंधी माणसाचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. मायानं "व्हिएतनाम" म्हटल्यावर त्यानं स्टुलावर चढून वरच्या फळीवरून प्रवाशांसाठीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक खाली पाडलं आणि म्हणाला, "घूमने जा रहे हो, भाभी?"

"लडके का ससुराल है," माया म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते बोलताना मजा वाटली.

भगवानांचं इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलांवर पोसलेलं. डिक्शनरी शेजारी ठेवून ते रोज सकाळी वाचायला बसत. डोंगर, खाडी, पॅगोडे, भाताची खाचरं. चित्रं बघून ते हरखून जायचे. "माया, हे बघ, हे तर आपल्या मंडणगडासारखंच आहे. नारळ, फणस, भात, मासळी. यांना कोकणात आणून सोडलं तर कळायचंसुद्धा नाही." माया कामावरून आल्यावर दोन पेन्सिली घेऊन ताटलीतले शेंगदाणे उचलायचा सराव करी. दाणे खोलीभर पळत आणि दोघं हसून हसून बेजार होत.

त्याच पुस्तकात जेवणाच्या रीतींचं एक पान होतं. भगवान ते मोठ्यानं वाचून, मराठी करून सांगत होते. "मोठ्यांनी सुरुवात केल्याशिवाय जेवू नये. बरोबर आहे. वाटी हातात उचलून खावी. ठीक. काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नयेत, कारण..." इथं ते थांबले. डिक्शनरी उघडली. पुन्हा वाचलं.

"कारण काय?" मायानं विचारलं.

"कारण तसा भात मेलेल्या माणसांपुढं ठेवतात."

त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर एका घराचा फोटो होता. भिंतीशी लाकडी चौथरा, त्यावर म्हाताऱ्या माणसांच्या तसबिरी, पुढं फळं, चहाचे पेले, अगरबत्त्या. प्रत्येक घरात पूर्वजांची अशी जागा असते, असं खाली लिहिलं होतं. पूर्वजांच्या तिथीला जेवण वाढतात. आणि लग्नात नवरानवरी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसह त्याच जागेपुढं उभे राहतात, मेणबत्त्या पेटवतात आणि पितरांची परवानगी घेतात.

भगवानांनी पुस्तक मिटलं.

त्यांनी सम्यकला फोन लावला. "हे खरं आहे का?"

"हो पप्पा. मेन विधी तोच असतो. आपल्याकडून मेणबत्त्या न्यायच्या, तुम्ही आणि थाओच्या वडिलांनी मिळून लावायच्या. पाच मिनिटांचं काम आहे."

"पितरांपुढं?"

"पप्पा, त्यांच्या आजी-बिजीचे फोटो असतात. सिरियसली घेऊ नका ना एवढं."

"तू सिरियसली घेत नाहीस, हेच मला टोचतंय," भगवान म्हणाले आणि त्यांनी फोन मायाच्या हातात दिला.

सम्यकला कळलं नव्हतं असं नाही. पण त्याला ते भगवानांइतकं आतून ठाऊक नव्हतं. श्राद्ध घालणार नाही, पिंड पाडणार नाही, ही दीक्षेतली प्रतिज्ञा भगवानांनी नुसती पाठ केलेली नव्हती. ती त्यांच्या घरात घडलेली होती. मंडणगडकडे त्यांच्या गावी भटजी त्यांच्या वस्तीत पाऊल टाकत नसे. पितृपक्षात ओढ्याच्या अलीकडे तांदूळ आणि नाणी ठेवून मागं सरायचं. तो वरून पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर भगवानांचे वडील जनू यांनी ते बंद केलं. पुढच्याच पावसाळ्यात त्यांचं पहिलं मूल गेलं. गाव म्हणालं, पितर कोपले. जनू आणि मोतीबाई मूल पुरून आले, आणि त्या वर्षीही ओढ्याकाठी तांदूळ गेले नाहीत. भगवान तेव्हा जन्मलेही नव्हते. पण आईनं हे इतक्यांदा सांगितलं होतं, की त्या ओढ्याचं पाणी त्यांना डोळ्यांसमोर दिसायचं.

"वाचलंच नसतं तर बरं झालं असतं," माया त्या रात्री जेवताना म्हणाली. "गेलो असतो, मेणबत्ती लावली असती, आलो असतो."

"न कळता केलं म्हणजे केलं नाही, असं होतं का?"

"मग काय, लग्नाला जाणार नाही?"

भगवान ताटावरून उठले. मायानं भांडी जरा जास्तच आवाज करून घासली.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर गोष्ट कशी कोण जाणे फुटली. मिलिंद हा विहाराचा चिटणीस, चाळिशीतला, रिक्षा चालवणारा, वाचणारा, बोलायला फटकळ. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भगवानकाका, तुम्हीच आम्हाला लहानपणी प्रतिज्ञा शिकवल्या. आता तुम्ही जाऊन पितरांना निवद दाखवणार?"

भगवानांनी चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. तो पोरगा चुकीचं बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते अंबरनाथच्या वाचनालयात गेले. नोकरीत असताना पाळी सुटल्यावर ते तिथं जात. ग्रंथपाल कुंदाताई तेव्हाही टेबलाशी होत्या, आताही होत्या. व्हिएतनाम म्हटल्यावर त्यांनी युद्धाच्या इतिहासाचं एक मराठी पुस्तक काढून दिलं.

"हे नको," भगवान म्हणाले. "किती बॉम्ब पडले ते मला नकोय. ती माणसं घरात कशी राहतात ते हवंय. आपल्या मेलेल्या माणसांशी कशी वागतात ते."

कुंदाताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं एक पातळ पुस्तक घेऊन आल्या. तिकडच्या एका बाईनं लिहिलेल्या कथांचा हिंदी अनुवाद. "कुणीतरी देणगीत दिलेलं आहे. मी चाळलंय. मंदिर-बिंदिर काही नाही यात. नुसती घरं आहेत."

भगवान वाचनालयातच बसले. पहिली कथा त्यांना कळली नाही. दुसरी आवडली नाही. तिसरी एका डुकरं पाळणाऱ्या म्हातारीची होती. ती रोज पहाटे चहा करते, पहिला पेला नवऱ्याच्या फोटोपुढं ठेवते आणि त्याला झापायला सुरुवात करते. तू गेलास आणि ही छपराची कटकट माझ्या गळ्यात मारलीस. डुकरांचा भाव पडलाय, आता सांग काय करू. सून चांगली आहे, पण मीठ जास्त घालते. सगळं सांगून झाल्यावर ती तोच चहा स्वतः पिऊन टाकते. कथेत यापलीकडे फारसं घडत नव्हतं. शेवटी छप्पर दुरुस्त होतं, एवढंच.

भगवान वाचता वाचता खुदकन हसले, आणि मग त्यांना पुढची ओळ दिसेना.

मोतीबाई अशीच बोलायची. वडील गेले तेव्हा भगवान सहा वर्षांचे होते. चुलीपुढं भाकरी भाजताना आई मधेच म्हणायची, "ऐकलंव काय, पोरगा चौथीत पयला आला." कुणाला म्हणतेस, असं विचारलं की म्हणायची, "तुझ्या बापासला." तिनं कधी त्यांच्या नावानं पान वाढलं नाही, कावळ्याची वाट बघितली नाही. पण बोलायची थांबली नाही. मरेपर्यंत.

भगवानांनी ती कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्या म्हातारीच्या घरात भटजी नव्हता. ओढा नव्हता. अलीकडे-पलीकडे नव्हतं. भीतीसुद्धा नव्हती, नवरा कोपेल अशी तिला धास्ती असती तर तिनं त्याला शिव्या घातल्या नसत्या. पण हे एका बाईनं लिहिलेलं. थाओच्या घरी काय आहे, ते पुस्तक कसं सांगणार? ते थाओलाच विचारायला हवं.

त्यांनी पुस्तक घरी नेलं आणि मायाला ती कथा वाचून दाखवली. मायानं ऐकलं आणि म्हणाली, "मीठ जास्त घालते म्हणे! सुनेला काय वाटलं असेल?"

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला. सम्यक त्या दिवशी थाओच्या गावी, तिच्या घरी गेला होता; तो मधे बसला, थाओ शेजारी. तिनं "जय भीम" म्हटलं, जरा अडखळत, पण नीट. भगवानांनी तयारी केलेलं सगळं बाजूला राहिलं आणि त्यांनी सरळच विचारलं, "बाळा, तुमच्या घरी भिंतीशी फोटो आहेत, त्यात कोण कोण आहे?"

सम्यकनं सांगितल्यावर थाओ थोडी चकित झाली. मग एकेक सांगू लागली. आजी, ती बाजारात नारळ विकायची, हिशेबात कुणाचंही ऐकायची नाही. पणजोबा, त्यांना कुणी पाहिलेलं नाही, फोटोत ते घाबरलेले दिसतात, कारण तो त्यांचा पहिलाच फोटो. आणि एक मोठा काका. तो एकोणिसाव्या वर्षी युद्धात गेला आणि परत आला नाही.

"त्याचा फोटो आहे?"

"नाही," थाओ म्हणाली. "त्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. नुसतं नाव आहे. आजोबांनी लिहिलेलं."

भगवानांनी मान खाली घातली. माया त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं.

"माझ्या वडिलांचाही फोटो नाही," ते शेवटी म्हणाले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. ओढा, तांदूळ, शिंपडलेलं पाणी, दगावलेलं मूल. सम्यक इंग्रजी करून सांगता सांगता मधेच थांबला. यातलं अर्धं तो पहिल्यांदाच ऐकत होता. "पप्पा, मूल गेलं होतं, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत," तो म्हणाला. आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आता सांगतोय. तिला नीट सांग."

थाओनं शेवटपर्यंत ऐकलं. मग ती सावकाश बोलली आणि सम्यकनं तिचं मराठी केलं. "ती म्हणते, तिनंही तुमच्याबद्दल वाचायला घेतलं होतं. बाबासाहेबांचं एक इंग्रजी चरित्र तिनं मागवलंय, निम्मं झालंय. त्यात त्या प्रतिज्ञा वाचल्यापासून तिला भीती वाटतेय की तुम्ही येणारच नाही. मलाही विचारायचं तिचं धाडस होत नव्हतं."

माया एकदम हसली. "घ्या! ही तिकडे वाचून घाबरली, हे इकडे वाचून घाबरले!"

हसण्यानं सगळ्यांनाच मोकळं वाटलं. भगवान म्हणाले, "मी येणार. मेणबत्तीही लावीन, ती तर मी विहारात रोज लावतो. पण मी त्यांच्याकडे काही मागणार नाही, परवानगीसुद्धा नाही. त्यांना जेवण वाढणार नाही. मी त्यांना माझ्या माणसांची ओळख करून देईन. तुझ्या आजोबांना एवढं चालेल का, विचार."

थाओ उठून गेली. बराच वेळ रिकामी खुर्ची दिसत राहिली. परत आली तेव्हा तिच्या मागोमाग काठी टेकत आजोबाच आले. कॅमेऱ्याच्या फार जवळ बसल्यानं त्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं. ते जे म्हणाले ते दोन भाषा ओलांडून भगवानांपर्यंत आलं.

"ते म्हणतात, मागायचं काय असतं त्यांच्याकडे? ते गरीबच होते."

निघायच्या दोन दिवस आधी मिलिंद घरी आला. भगवानांनी त्याला सगळं सांगितलं, कथेसकट. तो ऐकून घेऊन म्हणाला, "काका, मला अजून पटत नाही. आज ओळख करून द्याल, उद्या सम्यकची पोरं पान वाढतील."

"वाढतीलही," भगवान म्हणाले. "त्यांना ओढ्याची गोष्ट सांगायचं काम माझं. पुढं त्यांचं ते ठरवतील."

मिलिंद चहा संपवून उठला. दारातून म्हणाला, "एअरपोर्टला माझ्या भावाची गाडी सांगतो. बॅगा घेऊन कुठं धडपडत जाणार?"

थाओच्या गावाला जायला कालव्यातून होडी होती. माया होडीतून दोन्ही काठांवरच्या माडांकडे बघत म्हणाली, "पुस्तकात हे चिखलाचं काहीच नव्हतं." खरंच गुडघाभर चिखल होता, आणि थाओच्या वडिलांनी पँट वर गुंडाळून स्वतः पुढं येऊन मायाला हात दिला.

लग्नाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. लाल कापडानं झाकलेली ताटं आली, त्यात विड्याची पानं आणि सुपाऱ्याही होत्या. त्या बघून मायाला धीर आला. भिंतीशी तो चौथरा होता. भगवानांनी एक मेणबत्ती लावली, थाओच्या वडिलांनी दुसरी. आजीचा फोटो खरोखरच हिशेबाला पक्का वाटत होता. काकाचं नाव काळ्या शाईत एका चौकटीत होतं, पण इंग्रजी अक्षरांवर इतक्या खुणा होत्या, की भगवानांना ते वाचता येईना. सगळे त्यांच्याकडे बघत थांबले.

भगवानांनी हात जोडले आणि मराठीत बोलले. मोठ्यानं, विहारात बोलत तसं. "माझ्या वडिलांचं नाव जनू. आईचं नाव मोतीबाई. त्यांना शाळा मिळाली नाही. कुणापुढं वाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि त्याची किंमत मोजली. आज त्यांचा नातू तुमच्या घरात आलाय. त्याला सांभाळून घ्या." 'तुमच्या घरात' म्हणताना ते फोटोंकडे नाही, माणसांकडे वळले होते.

सम्यकनं ते इंग्रजीत सांगितलं आणि थाओनं तिच्या भाषेत. आजोबांनी काठी भिंतीला टेकवली, भगवानांसमोर आले आणि तोंडात घोळवत म्हणाले, "जा-नू."

"जनू," भगवान म्हणाले.

"जनू," म्हातारे आजोबा म्हणाले आणि त्यांनी मान लववली. आपल्या वडिलांचं नाव गावाबाहेर कधी कुणी आदरानं घेतल्याचं भगवानांना आठवत नव्हतं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मायानं त्यांच्या हातात रुमाल दिला.

परतायच्या आदल्या संध्याकाळी थाओचे वडील ओट्यावर शेजारी येऊन बसले. डिसेंबरात सगळे बदलापूरला येणार होते. त्यांनी थाओ आणि सम्यकमार्फत विचारलं, तुमच्याकडे येण्याआधी आम्ही काय वाचावं?

भगवानांना पटकन सुचेना. राजवाडे आणि वाघांची पुस्तकं तिकडेही मिळत असतील. पण ओढ्याची, विहाराची, मंडणगडच्या वस्तीची पुस्तकं फक्त मराठीत होती.

"तुम्ही निवडा, पप्पा," थाओ म्हणाली. हा शब्द तिनं पहिल्यांदाच वापरला. "आम्ही भाषांतर करू."

तेव्हापासून दर रविवारी हेंद्रेपाड्यातल्या त्या खोलीत फोन भिंतीला टेकवून उभा असतो. कुंदाताईंशी खल करून निवडलेलं पुस्तक भगवान एकेक वाक्य वाचतात, सम्यक इंग्रजी करतो, थाओ तिच्या भाषेत सांगते. पहिल्या रविवारी एक पानसुद्धा झालं नाही. दुसऱ्याच ओळीत चावडी आली आणि आजोबा अडले. चावडी म्हणजे काय?

"गावचा कारभार चालतो ती जागा," भगवान म्हणाले. "माझ्या वडिलांना तिची पायरी चढायची मुभा नव्हती."

तिकडे बोलणं झालं. मग थाओनं विचारलं, "आजोबा विचारतायत, आणि आता?"

"आता तिथं ग्रामपंचायतीचं ऑफिस आहे. माझा पुतण्या बबन सदस्य आहे, खुर्चीत बसतो."

"काम काही करत नाही," माया आतून ओरडली. "तेही सांगा त्यांना!"

सम्यक हसत हसत तेही सांगू लागला.